सत्तर जणांची वर्गणी

नोव्हेंबरपासून आमच्या घरी रोज संध्याकाळी एकच गोष्ट घडते. साडेसहाच्या सुमारास मी खाली कणीक मळायला घेते आणि वर लेकीच्या खोलीचं दार लागतं. थोड्या वेळाने फ्लूटवर एक लांब ओळ ऐकू येते. सावकाश, मोकळी, मोठमोठ्या ढांगा टाकत वर चढणारी आणि कुठेच नीट न टेकता थांबणारी. पुन्हा तीच ओळ. पुन्हा तीच. मग एकदम काहीच नाही, फक्त छतातून येणारे पायाचे ठोके. ठक, ठक, ठक, ठक. आणि परत फ्लूट.

पहिला आठवडाभर माझी समजूत होती की पोरगी सूर लावतेय. तानपुरे जुळवताना बैठक कशी बराच वेळ सुरूच होत नाही, तसलं काहीतरी. शेवटी एकदा जेवताना विचारलं, "अगं, ते खरं गाणं कधी सुरू होणार?" तिने हातातला घास तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. "आई, तेच आहे ते. ती सुरुवात आहे." मग जरा दया येऊन म्हणाली, "आणि मधे पाय आपटते ना, तिथे पियानो आहे. तो नाहीये म्हणून मोजते."

तर त्या 'गाण्या'चं नाव 'डुओ फॉर फ्लूट अँड पियानो'. अमेरिकन संगीतकार एरन कोपलँडची रचना, साल १९७१. तीन भाग, सगळं मिळून १४ मिनिटांच्या आसपास. कॉलेजच्या ऑडिशनसाठी लेकीच्या शिक्षिकेने हे निवडून दिलं. लेकीच्या हातात फ्लूट कशी आली त्याची कथा काही फार थोर नाही. इथे न्यू जर्सीत शाळेत चौथी-पाचवीला मुलांना बँडसाठी वाद्य निवडायला सांगतात, आणि आम्ही फ्लूट घेतली कारण ती दप्तरात मावत होती. भाड्याने आणलेली ती पहिली फ्लूट सहा महिने गळत होती. म्हणजे झाकणांखालच्या गाद्या नीट बसत नव्हत्या आणि हवा निसटत होती. आम्ही मात्र पोरीलाच 'तुला फुंक जमत नाही' म्हणून बोलत राहिलो. दुकानदाराला काय दोष द्यायचा, आईबापांनाही कुठे कळत होतं. घरात तिला आम्ही फ्लूटच म्हणतो. बासरी म्हटलं की डोळ्यांपुढे बांबूची येते, आणि ती आमच्याकडे वेगळी आहे, दिवाणखान्यात, धूळ खात.

रोज अर्धा-पाऊण तास एखादी गोष्ट कानावर पडली की तिची चौकशी करावीशी वाटतेच. शेजारी नवीन बिऱ्हाड आलं की करतो तशी. मी केली, आणि त्यात मला एक वर्गणी सापडली.

ही रचना एका गुरूच्या आठवणीसाठी झाली. विल्यम किंकेड त्यांचं नाव. १९२१ ते १९६०, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं, फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचे मुख्य फ्लूटवादक. जन्म १८९५ चा, मिनियापोलिसचा, पण लहानपण हवाईत गेलं, होनोलुलूच्या समुद्रात पोहण्यात. पुढे त्यांचा दमसास पाहून थक्क झालेले लोक त्याचं श्रेय त्या पोहण्याला देत. न्यूयॉर्कला ते जॉर्ज बारेर यांच्याकडे शिकले. बारेर मूळचे फ्रान्सचे, पॅरिसच्या पॉल ताफानेल यांचे शिष्य. फ्रेंच संगीतकार द्यब्युसीच्या ज्या प्रसिद्ध रचनेची सुरुवात एकट्या फ्लूटने होते, ती १८९४ मध्ये पहिल्यांदा सादर झाली तेव्हा ती सुरुवात या बारेर यांनी वाजवली होती. किंकेड यांच्याकडे फिलाडेल्फियातल्या कर्टिस इन्स्टिट्यूट या संगीतशाळेत शिकलेली मुलं मग अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रांमधून पसरली. ताफानेल, बारेर, किंकेड आणि त्यांची ही पोरं. आपल्याकडे याला घराणं म्हणतात आणि नाव घेताना कानाच्या पाळीला हात जातो. इथे हात लावत नाहीत, पण लेकीची शिक्षिका 'मिस्टर किंकेड' म्हणताना जो आवाज काढते, तो मला ओळखीचा आहे.

१९६७ मध्ये किंकेड गेले. आता आपल्याकडे अशा वेळी काय काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शोकसभा. स्मृतिग्रंथ, ज्याचे निम्मे लेख वेळेवर येत नाहीत. चौकाला नाव. वार्षिक पुरस्कार, जो तिसऱ्या वर्षी बारगळतो. किंकेड यांच्या माणसांनी वर्गणी काढली. शिष्य आणि स्नेही मिळून सत्तर जण. आणि त्या पैशांतून कोपलँडला सांगितलं की आमच्या मास्तरांच्या नावाने फ्लूट आणि पियानोसाठी काहीतरी लिहून द्या.

(कोपलँडला मी अरेतुरे करतेय आणि किंकेड यांना अहोजाहो, हे लिहिताना माझ्या लक्षात आलं. बदलणार नाही. ज्याचं रोज ऐकतो तो घरचा होतो. मास्तर ते मास्तरच.)

मला या वर्गणीचं फार अप्रूप वाटतं. एखाद्या श्रीमंताने पैसे दिले असते तर त्याला अर्पणपत्रिकेत नाव मिळालं की पुरे होतं. हे सत्तर जण बहुतेक वाजवणारे. ते रचना नुसती ऐकून टाळ्या देणार नव्हते, घरी नेऊन आपापल्या खोलीचं दार लावून वाजवणार होते. कोपलँडला हे पुरतं माहीत होतं. त्यानेच सांगून ठेवलंय की वाजवणाऱ्याला वाजवताना सुख वाटावं असं लिहायचा त्याने प्रयत्न केला. पण हौशी माणसाला हे झेपणार नाही, चांगला वादकच लागेल, असंही वर बजावलंय. म्हणजे वर्गणीदारांच्या बोटांचा विचार करून केलेलं हे काम. प्रसादाचा शिरा करणाऱ्याला कसं माहीत असतं की हा नैवेद्य देवापुढून शेवटी कुणाच्या पानात जाणार आहे.

आता ज्याला हे काम सांगितलं त्याची त्या वेळची अवस्था बघा. सत्तर जणांनी ज्याच्याकडे मागणी केली तो स्वतः सत्तरीच्या उंबरठ्यावर होता. १९०० साली ब्रुकलिनमध्ये, लिथुआनियाकडून आलेल्या ज्यू कुटुंबात जन्मलेला, दुकानदाराचा मुलगा. विशीत पॅरिसला जाऊन नादिया बुलांजे यांच्याकडे शिकून आलेला. १९४४ च्या 'ॲपलेचियन स्प्रिंग'ने त्याला अमेरिकेचा आवाज करून टाकलं: मोकळे, दूरदूर ठेवलेले स्वर, मधे भरपूर हवा, विस्तीर्ण माळ दिसल्याचा भास. मग पन्नाशीनंतर तो त्या आवाजापासून मुद्दाम लांब गेला. बारा स्वरांच्या अवघड पद्धतीने लिहू लागला. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधल्या नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला त्याची 'कॉनोटेशन्स' वाजली, तेव्हा मध्यंतरात जॅकलिन केनेडींना 'ओह, मिस्टर कोपलँड' यापलीकडे काही सुचलं नाही, असा किस्सा आहे. मी ती रचना ऐकली. मला बाईंची बाजू समजते.

आणि मग सुचणंच थांबायला लागलं. जणू कुणीतरी नळ बंद करून टाकला, अशा शब्दांत त्याने ते पुढे सांगितलं. सत्तरच्या दशकात तो जवळजवळ लिहायचाच थांबला. ऑर्केस्ट्रा चालवत जगभर हिंडला, नव्वदीपर्यंत जगला, १९९० मध्ये गेला, पण पाणी परत आलं नाही. हा 'डुओ' त्या नळाच्या शेवटच्या धारेतला आहे.

वर्गणीचं काम हाती आल्यावर त्याने काय केलं? १९४० च्या दशकातल्या आपल्या जुन्या वह्या उघडल्या. तेव्हा टिपून ठेवलेल्या, कुठेच न वापरलेल्या काही ओळी त्यातून काढल्या आणि त्यांच्यावर ही रचना उभी केली. म्हणून १९७१ सालची असूनही ती ऐकताना १९४४ सालची वाटते. यावर नाकं मुरडणारे तेव्हाही होते आणि आजही भेटतात. म्हाताऱ्याने शिळ्या कढीला ऊत आणला, इतकंच त्यांना दिसतं.

मला तसं वाटत नाही, आणि हे मी कुणाच्या कौतुकाखातर म्हणत नाही. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल बोलायला चार जण बसतात तेव्हा कोणती भाषा बोलतात? तो होता तेव्हाची. माझे आजोबा गेले तेव्हा मुंबईत चाळीस वर्षं काढलेले माझे काका अकराव्या दिवसापर्यंत रत्नागिरीचं हेल काढून बोलत होते. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं; त्यांच्याही ते लक्षात नसावं. १९४० चं दशक म्हणजे किंकेड फिलाडेल्फियात ऐन भरात होते तो काळ. त्यांच्यासाठी बोलायचं तर कोपलँडने त्या काळातली वही काढली, यात मला सुचेनासं झाल्याची मजबुरीही दिसते आणि औचित्यही. मजबुरीतून औचित्य साधलं गेलं तर ते काही कमी अस्सल ठरत नाही. घरात दुसरं काही नसताना केलेलं पिठलं कित्येकदा ठरवून केलेल्या मेजवानीपेक्षा चांगलं होतं.

पहिल्या भागावर सूचना आहे 'फ्लोइंग'. वाहतं. कोपलँड या सूचना इटालियनमध्ये न देता साध्या इंग्रजीत देतो, हे मला आवडतं. सुरुवातीला फ्लूट एकटीच असते आणि लय सैल, बोलण्यासारखी. ती ओळ ऐकताना मला हटकून पावसाळा संपतानाचा आंबोली घाट आठवतो. धुकं वर सरकतंय, खाली कुठेतरी घंटा वाजतेय, गुरं दिसत नाहीत. हे मी लेकीला एकदा मोठ्या भावनेने सांगितलं. तिने मला 'ॲपलेचियन स्प्रिंग'ची गोष्ट सांगून गप्प केलं. ती रचना त्याने नर्तिका मार्था ग्रॅमसाठी केली तेव्हा तिला ते नावच नव्हतं. वहीवर नुसतं 'मार्थासाठी बॅले' असं लिहिलेलं. नाव ग्रॅमबाईंनी नंतर हार्ट क्रेनच्या एका कवितेतून उचललं, आणि त्या कवितेत 'स्प्रिंग' म्हणजे वसंतसुद्धा नाही, झरा आहे. पुढे आयुष्यभर लोक कोपलँडला येऊन सांगत की तुमचं संगीत ऐकताना डोळ्यांपुढे ते ॲपलेचियन डोंगर उभे राहतात आणि वसंत जाणवतो. तो मजेत ऐकून घ्यायचा. तेव्हा आंबोली घाट मी आता माझ्यापाशीच ठेवते.

किंकेड यांच्या शिकवण्याबद्दल एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती ऐकून मी हातातलं लाटणं खाली ठेवलं होतं. ते आकडे वापरून शिकवत. चार स्वरांचा गट कागदावर एक-दोन-तीन-चार असा एका दांडीखाली बांधलेला दिसतो. डोळ्याला दिसतं तसं वाजवलं की संगीत डब्याडब्यांनी चालल्यासारखं होतं. किंकेड म्हणायचे तसं वाजवू नका. दोन-तीन-चार हे मागच्या एकचे नव्हेत, पुढच्या एककडे निघालेले आहेत. म्हणजे गट आहे दोन-तीन-चार-एक. हे त्यांच्याकडून त्यांच्या शिष्यांकडे, तिथून लेकीच्या शिक्षिकेपर्यंत, तिच्याकडून लेकीकडे आणि जिन्यावरून खाली माझ्या ओट्यापर्यंत आलं.

"अगं, ही तर आमद," मी म्हटलं. "समेवर यायचं असतं. सम म्हणजे सुरुवात नव्हे, पोचायची जागा. तबल्याचे सर दर गुरुवारी हेच ओरडायचे."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला वाटत होतं आपलं ते आपल्या ठिकाणी, आणि ही काळ्या डबीतली चांदीची नळी वेगळ्या गावची.

नळीवरून आठवलं. किंकेड यांची फ्लूट प्लॅटिनमची होती. व्हर्न पॉवेल या कारागिराने १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी घडवलेली. प्लॅटिनमचं वेड त्यांच्या गुरूंपासूनचं: बारेर यांनी प्लॅटिनमची फ्लूट करून घेतली तेव्हा संगीतकार एडगार व्हारेझने १९३६ मध्ये तिच्यासाठी एकट्या फ्लूटची एक रचना केली आणि तिला नाव दिलं 'डेन्सिटी २१.५'. प्लॅटिनमची घनता. रागाला धातूच्या घनतेचं नाव दिल्यासारखं हे, पण रचना जबरदस्त आहे. तर किंकेड यांनी आपली ती फ्लूट जाताना एलेन शेफर या शिष्येला दिली. १९८६ मध्ये क्रिस्टीज या लिलावगृहात ती १,८७,००० डॉलर्सना गेली. धातूने आवाजात किती फरक पडतो यावर फ्लूटवाले लोक एकमेकांचे गळे धरायला तयार असतात. लेकीचं मत असं की फरक तोंडाशी असलेल्या भागाच्या घडणीने आणि वाजवणाऱ्याच्या ओठांनी पडतो. तिची स्वतःची फ्लूट तोंडाशी चांदीची आणि बाकी मुलाम्याची आहे, तेव्हा मत सोयीचं आहे. पण मला ते पटतं.

मला अडलं ते 'डुओ' या शब्दापाशी. मराठीत याला म्हणायचं काय? द्वंद्वगीत म्हटलं की बागेत झाडामागून येणारा नायक दिसतो. जुगलबंदीत कुणीतरी कुणावर तरी मात करणार असा वास असतो. राहिली साथसंगत. ती मला माहीत आहे, कारण पुण्यात लहानपणी मी पाच वर्षं पेटी शिकले आणि पुढे मावशीच्या भजनी मंडळात फुकट साथीला बसले. पेटीच्या साथीचं एक तंत्र असतं. गाणाऱ्याच्या मागे सावलीसारखं, अर्ध्या पावलाच्या अंतराने राहायचं. तो जे म्हणेल ते धरायचं, आणि तो श्वासाला थांबला की त्याच्याच शेवटच्या शब्दांनी ती जागा भरायची. पुढे धावलात तर आगाऊ, फार मागे राहिलात तर बेसूर.

डिसेंबरच्या सुट्टीत, बाहेर बर्फ आणि करायला काही नाही अशा एका दुपारी, मी पेटी काढली. म्हटलं, तुझे ते ठोके बंद करते, मी वाजवते पियानोच्या जागी. ती फ्लूट घेऊन खाली आली. तिने पहिली ओळ वाजवली. ती थांबल्याबरोबर माझी बोटं सवयीने चालली आणि मी तिचीच ओळ, जरा गोड करून, तिला परत दिली. तिने फ्लूट खाली घेतली.

"आई, तू माझंच परत म्हणतेयस."

"साथ अशीच करतात."

"हो, पण पियानो असं करत नाही. त्याचं वेगळं काहीतरी चाललेलं असतं."

मग तिने पियानोचे कागद आणून दाखवले. मला ती लिपी अडखळत वाचता येते. खरंच, पियानो तिच्या मागे मागे नव्हता. ती वर रेंगाळतेय तेव्हा तो खाली दूर दूर दोन खांब रोवल्यासारखे स्वर ठेवून स्वस्थ बसलाय. मधेच त्याची स्वतःची चाल सुरू होते आणि ती तिच्यावर येऊन बसते, झोपाळा हलत असताना कुणी येऊन अलगद बसावं तशी. साथ नव्हे, सामना नव्हे. एका ओसरीवर बसून दोन माणसं गव्हातले खडे काढतायत आणि बोलतायत, असं काहीतरी. त्याला शब्द असेल तर मला सांगा. पेटी मी परत माळ्यावर ठेवली.

पहिल्यांदा हे वाजलं ३ ऑक्टोबर १९७१ ला, फिलाडेल्फियात, सेटलमेंट म्युझिक स्कूल या शाळेत. फ्लूटवर एलेन शेफर, तीच प्लॅटिनमची फ्लूट जिच्याकडे आली ती शिष्या. पियानोवर हेफ्झिबा मेन्युहिन, व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिनची धाकटी बहीण. यहुदी मेन्युहिन म्हटलं की पुणेकर लगेच सरसावून बसतात. १९५२ मध्ये तो मुंबईत आला, दमलेला होता, आणि पुण्याहून आलेल्या बी. के. एस. अय्यंगारांनी त्याला शवासनात असं निजवलं की तो त्यांचा शिष्यच झाला. पुढे त्याने त्यांना घड्याळ दिलं त्यावर 'माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षकास' असं कोरून घेतलं होतं. बहिणीचं नाव मात्र आपल्याकडे कुणाला माहीत नाही. आठव्या वर्षी मंचावर आलेली ही बाई, भावाच्या शेजारी पियानोवर आयुष्यभर बसली, आणि लोक व्हायोलिनच ऐकत राहिले. दोघांच्या रचनेत 'दुसरं' असणं म्हणजे काय हे तिच्याइतकं कुणाला कळलं असेल?

ती शाळासुद्धा काय योग्य जागा! १९०८ मध्ये दोन तरुणींनी ती सुरू केली, दक्षिण फिलाडेल्फियातल्या स्थलांतरितांच्या वस्तीत, पाच सेंटला पियानोची शिकवणी. पुढे तिच्याच एका फांदीतून १९२४ मध्ये कर्टिस इन्स्टिट्यूट निघाली, जिथे किंकेड शिकवत. म्हणजे मास्तरांचं स्मरण झालं ते त्यांच्या संस्थेच्या आजोळी. आम्ही ख्रिसमसनंतर एका शनिवारी क्वीन स्ट्रीटवर जाऊन तिची १९१७ मधली इमारत पाहून आलो. विटांचं साधंसं घर. आत कुणीतरी व्हायोलिनवर एकच सूर ओढत होतं, बराच वेळ, वाईट. नवरा म्हणाला, बघून झालं असेल तर जेवायला जाऊ या. गेलो.

दुसऱ्या भागावर लिहिलंय 'पोएटिक, समव्हॉट मोर्नफुल'. काव्यमय, काहीसं शोकाकुल. सगळी मेख त्या 'समव्हॉट'मध्ये आहे. स्मृतीसाठीची रचना असून शोकाला 'काहीसं' म्हणून वेसण घातली. मराठीत आपण 'जरा' म्हणतो ना, 'जरा बरं नाहीये', आणि ऐकणाऱ्याला कळतं की प्रकरण गंभीर आहे, तसा तो 'समव्हॉट' मला ऐकू येतो. इथे कोपलँड पुन्हा आपल्या उशिराच्या, अवघड भाषेच्या जवळ जातो. सूर एकमेकांना घासतात, फ्लूट खालच्या पट्टीत, फुंकेचा आवाज ऐकू यावा इतकी हलकी. लेक हा भाग दार उघडं ठेवून वाजवत नाही.

या भागासाठी मी एलेन शेफर यांचं ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकलं. पियानोवर खुद्द कोपलँड. शेफर पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूना या रेल्वेच्या गावच्या, १९२५ चा जन्म. १९७३ मध्ये गेल्या, वयाच्या ४७ व्या वर्षी, कर्करोगाने. पहिल्या सादरीकरणाला दीड वर्षसुद्धा झालं नव्हतं. हे कळण्याआधी मी तो भाग ऐकला होता तेव्हा तो गुरूसाठी होता. कळल्यावर ऐकायला गेले तर तो कुणासाठी आहे ते मला नीट सांगता येईना. कोपलँड पियानो काही फार सफाईने वाजवत नाही. थोडा कोरडा, हाडं दिसणारा हात. पण तो तिला घाई करत नाही.

तिसऱ्या भागाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. 'लाइव्हली, विथ बाउन्स'. उड्या मारतो, तिरकी लय, शेवटी टाळ्या घेतो. लेकीला हाच सर्वांत आवडतो. मला तो अंमळ जास्तच खुशीत वाटतो, पण श्राद्धाच्या पंगतीत मठ्ठ्याच्या वेळेला कुणीतरी गेलेल्याचाच एखादा किस्सा काढतं आणि सगळे खिदळतात, तेही खरंच असतं.

फेब्रुवारीत पियानो वाजवणाऱ्या बाई ठरल्या. सत्तरीच्या असाव्यात, थंडीने बोटं आखडलेली, त्या आधी गरम पाण्याचा कप दोन्ही हातांत धरून बसल्या. चर्चच्या तळघरातला उभा पियानो, त्याच्यावर कुणाचे तरी विसरलेले हातमोजे. मी मागच्या घडीच्या खुर्चीवर, कोट न काढता. लेकीने ती ओळ वाजवली, जी मी चार महिने ऐकत होते. ओळ थांबली आणि माझ्या कानांनी सवयीने छताकडे लक्ष दिलं. ठोक्यांसाठी.

ठोके आले नाहीत. पियानो आला, अगदी हळू, आणि माझ्या लक्षात आलं की जिला मी इतके दिवस अर्धवट सुटलेली ओळ समजत होते ती अर्धवट नव्हती. ती कुठेच टेकत नव्हती, कारण टेकायची जागा या दुसऱ्या कागदावर होती. बाई एकदा चुकल्या, 'सॉरी, डिअर' म्हणाल्या, परत मागे गेल्या. लेक शिक्षिकेने शिकवल्यासारखा श्वास घेऊन थांबली होती, खांदे न उचलता.

घरी येताना गाडीत ती काही बोलली नाही. मीही नाही. हायवेवर ट्रकांची रांग होती.

काल संध्याकाळी कणीक मळताना वरून परत तीच ओळ आली. मग शांतता. मी वाट पाहिली, पण पायाचा आवाज नाही. तरी बरोबर वेळेवर फ्लूट पुन्हा सुरू झाली. जेवायला खाली आल्यावर विचारलं, "आज मोजलं नाहीस?"

"लागत नाही आता," ती म्हणाली. "ऐकू येतं." आणि पान पुढे ओढून, "ही पोळी का करपलीय?"